क्षमा आणि हक्कसोड

सलाम ताई,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील मृत्युपत्र न करता वारले, आई त्याआधीच गेलेली. गिरणाकाठची सहा एकर जमीन तुमची आणि भावाची. वारस लावायचा म्हणून भाऊ तुम्हाला तालुक्याला घेऊन गेला, फोटो काढला, अंगठा घेतला, सह्या घेतल्या. तीन वर्षांनी सातबारा काढला तेव्हा तुमचं नाव कुठेच नव्हतं, कारण तुम्ही सही केली तो कागद हक्कसोडीचा होता. तुम्ही दावा लावला. यंदा गुड फ्रायडेच्या उपासनेत भाऊ उभा राहिला आणि रडत म्हणाला, "माझ्याकडून काही चुकलं असेल तर सगळ्यांनी मला क्षमा करा." तेव्हापासून मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचे पुढारी, तुम्हाला सांगताहेत की दावा काढून घ्या, नाहीतर प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणात भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या मेजाला, बसू नका. शेजारची म्हातारी रोज म्हणते, "सोडी दे व माय, भाऊ शे ना तुना." आणि तुम्ही मला विचारता: क्षमा केली तर दावा सोडावाच लागेल का? आणि न सोडता मी मेजापुढे गेले तर ते पाप होईल का?

उत्तर आधीच देतो, कारण तुम्ही बरेच महिने झोपलेल्या नाही असं लिहिलंय. क्षमा करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. हक्क सोडणं नाही. दोन्हीत "सोडणं" आहे म्हणून आपली गफलत होते, आणि ती गफलत मीही केलेली आहे.

पाळक म्हणून मला एकतीस वर्षं झाली, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत. चौथ्या वर्षी एका विधवा बहिणीने येऊन सांगितलं की दिराने कापसाचे सगळे पैसे ठेवून घेतले. मी दोघांना समोरासमोर बसवलं, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय वाचला, हातात हात द्यायला लावला आणि प्रार्थना केली. मला वाटलं, समेट झाला. दीर हसत घरी गेला, पैसे त्याच्याकडेच राहिले. ती बाई पुढची नऊ वर्षं उपासनेला आली नाही. मी माफी मागायला गेलो तेव्हा तिने मला चहा दिला आणि एवढंच म्हणाली, "पास्टर, त्या दिवशी तुम्ही देवालाही त्याच्या बाजूला बसवलं." त्या वाक्यानंतर मी तो अध्याय पुन्हा पहिल्यापासून शिकलो. तुम्हाला लिहितोय ते त्यातूनच आलेलं आहे.

प्रभूची प्रार्थना आपण लहानपणापासून म्हणतो: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." आपल्या मराठी शास्त्राने इथे "पाप" न म्हणता "ऋण" म्हटलंय, आणि ते अगदी नेमकं आहे, कारण मत्तयाच्या ग्रीकमध्येही शब्द देण्याघेण्याचाच आहे. आता ऋण सोडायचं तर आधी ते ऋण आहे हे दोघांनाही मान्य असावं लागतं. तुमच्या भावाने अजून तेच मान्य केलेलं नाही. जे देणं समोरचा मानतच नाही, ते तुम्ही मनातून कितीही सोडलं तरी त्याच्या हातात काही पडत नाही.

मत्तय १८ मधला राजा पाहा. गोष्टीची सुरुवात क्षमेने होत नाही, हिशेबाने होते. राजाला चाकरांचा हिशेब घ्यावा असं वाटलं. चाकर समोर आणला गेला, रक्कम मोठ्याने सांगितली गेली: दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी; द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच दर ठरलेला आहे. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया मिळून वर्षाला दोनशे तालांत महसूल मिळायचा. त्या हिशेबाने येशूचे श्रोते ज्या मुलखात राहत होते त्या मुलखाचा पन्नास वर्षांचा महसूल एका माणसाच्या डोक्यावर होता. लोकांनी तो आकडा ऐकून श्वास रोखला असेल. आणि एवढी रक्कम राजाने सोडली. रक्कम पुरती मोजल्यावर सोडली.

मग तो चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. आम्ही उपदेशक इथे नेहमी घाईने म्हणतो की ते शंभर दिनार म्हणजे काहीच नाही. तसं नाही, ताई. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे आपल्याकडे निंदणीपासून कापूस वेचणीपर्यंत एका बाईने उन्हात काढलेला हंगाम. येशूने लहान आकडा मुद्दाम सांगितला नाही. माणसाने माणसाचं केलेलं नुकसान खरं असतं, बोचणारं असतं, हे त्याला माहीत होतं. तुमची तीन एकर हे तुमचे शंभर दिनार आहेत. त्यांना क्षुल्लक म्हणण्याचा अधिकार मंडळीतल्या वडिलांना नाही, मलाही नाही.

पण तो दाखला तुम्हालाही सोडत नाही. राजाने चाकराला जाब विचारला तो पैसे मागितल्याबद्दल नव्हे. त्याने गळा धरला, विनवणी ऐकली नाही आणि सोबत्याला तुरुंगात टाकलं, म्हणून विचारला. तुम्ही लिहिलंय की पुतणीच्या लग्नाला तुम्ही गेला नाहीत, आणि भावाला साखरेचा आजार झाल्याचं कळलं तेव्हा "बरं झालं" असं मनात आलं. हे तुम्ही लपवलं नाही, याबद्दल मला तुमचा आदर वाटतो. त्या "बरं झालं"ची मात्र क्षमा मागा. दावा चालू असताना करायची क्षमा इथेच आहे: भावाचं वाईट व्हावं ही इच्छा देवाच्या हातात देणं. मार्क ११ मध्ये प्रभू म्हणतो की प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर त्याची क्षमा करा. त्यात समोरच्याने काय करावं याची अट नाही. ती तुमची आणि देवाची गोष्ट आहे, आजच करायची. लूक १७ मध्ये तोच प्रभू म्हणतो, भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. ही दोघांमधली क्षमा आहे. तिला दोन माणसं लागतात, दोष नाव घेऊन दाखवावा लागतो, आणि वेळ लागतो.

वेळ किती लागतो हे उत्पत्तीच्या पुस्तकातल्या याकोबाच्या मुलाकडे, योसेफाकडे बघून कळतं. भावांनी त्याला वीस रुप्यांना विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. ते धान्यासाठी मिसरात आले तेव्हा तो जवळपास चाळिशीला टेकला होता. त्याने त्यांना ओळखलं, त्यांनी त्याला नाही. त्याच क्षणी तो गळ्यात पडला असता तर आपल्या मंडळीतल्या वडिलांना फार आवडलं असतं. पण त्याने तसं केलं नाही. तीन दिवस अटकेत ठेवलं, शिमोनाला मागे ठेवून घेतलं, धाकट्या बन्यामिनाला आणायला लावलं, त्याच्या गोणीत रुप्याचा प्याला लपवला. हे सूडाचं वाटतं, पण मजकूर नीट वाचा: भाऊ आपसात "आपण आपल्या भावाविषयी दोषी आहोत" असं बोलले, त्यांना वाटलं या मिसरी अधिकाऱ्याला आपली भाषा कळत नाही, आणि योसेफ बाजूला जाऊन रडला. दुसऱ्यांदा आतल्या खोलीत जाऊन रडला आणि तोंड धुऊन बाहेर आला. सूड घेणारा असा लपून रडत नाही. त्याला एकच पाहायचं होतं: आपल्या आईच्या, राहेलीच्या, दुसऱ्या मुलालाही हे तसंच सोडून जातील का? तेव्हा यहूदा पुढे आला, ज्याने योसेफाला विकण्याची सूचना केली होती तोच यहूदा, आणि म्हणाला, मुलाच्या बदल्यात मला गुलाम ठेवून घ्या. ते ऐकल्यावर मात्र योसेफाला आवरलं नाही, आणि तो एवढ्या मोठ्याने रडला की फारोच्या घरापर्यंत आवाज गेला.

याच्या पुढचा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. याकोब मिसरात सतरा वर्षं जगला, योसेफ सगळ्यांना पोसत होता, आणि तरीही बाप मेल्यावर भाऊ घाबरले की आता हा उट्टं काढेल. सतरा वर्षं खाऊन-पिऊनही त्यांचा क्षमेवर विश्वास बसला नव्हता. योसेफ पुन्हा रडला. त्याचं उत्तर बघा: मी देवाच्या ठिकाणी आहे काय? तुम्ही माझं वाईट योजलं होतं, पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं. "वाईट" हा शब्द त्याने गाळला नाही. "झालं गेलं, तुमचाही काही दोष नव्हता" असं तो म्हणाला नाही. वाईटाला वाईट म्हणूनच तो त्यांच्या मुलाबाळांना पोसायला तयार झाला.

याच्या उलट दावीदाच्या घरात काय झालं ते तुमच्या मंडळीतल्या वडिलांनी २ शमुवेल १३ उघडून वाचावं असं मला मनापासून वाटतं. दावीदाचा मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामारेवर जबरदस्ती केली. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणाला, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. दावीद राजा फार संतापला, आणि त्याने काहीच केलं नाही. दोन वर्षांनी अबशालोमाने अम्नोनाला मारलं, पुढे तो बापाविरुद्ध उठला, आणि तामारेबद्दल शास्त्र शेवटचं एवढंच सांगतं की ती भावाच्या घरी उदास होऊन राहिली. तुमच्या बाबतीत गुन्हा वेगळा आहे, त्याची बरोबरी मी करत नाही. पण "भाऊ शे ना तुना" हे वाक्य बायकांना किती जुन्या काळापासून ऐकवलं जातंय ते तिथे दिसतं, आणि न्याय झाकून घराची शांती टिकत नाही हेही दिसतं.

आता भावाच्या पश्चात्तापाकडे येतो. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात नियम आहे: ज्याने शेजाऱ्याला फसवलं, त्याने ते पुरतं परत द्यावं, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि मग दोषार्पणाचा एडका याजकाकडे आणावा. क्रम लक्षात घ्या. आधी शेजारी, मग वेदी. येशूनेही डोंगरावरच्या प्रवचनात तोच क्रम ठेवला: वेदीजवळ दान आणलं आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. इथे कोणाला थांबवलं जातंय? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला. ज्याची तक्रार आहे त्याला नव्हे. तुमच्या मंडळीत हे वचन नेमकं उलट लावलंय. भाऊ मेजाशी बसतो आणि तुम्ही मागच्या बाकावर. हे मला सहन होत नाही, आणि मी तुमच्या पाळकांना तसं स्वतंत्रपणे लिहिणार आहे, तुमची परवानगी असेल तर.

कोणी म्हणेल, भाऊ रडला ना? रडला, आणि ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. माणसाचं मन मला दिसत नाही. पण येशूला पाहायला उंबरावर चढलेला जकातदार जक्कयही म्हणाला होता, "मी अन्यायाने कोणाचे काही घेतले असले तर", आणि त्याच्या "तर"पुढे "चौपट परत करतो" होतं. शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. ते ऐकल्यावर प्रभू म्हणाला, आज या घराला तारण झालं आहे. तुमच्या भावाच्या "असेल तर"पुढे काही आलेलं नाही. तलाठ्याकडे अर्ज नाही, नवा कागद नाही, तुमचं नावसुद्धा नाही. "सगळ्यांनी" क्षमा करा, एवढंच. तुमच्या भावाच्या आत्म्याची काळजी असेल तर मंडळीतल्या वडिलांनी त्याला उंबराच्या झाडावरून खाली उतरवायला हवं होतं. तुम्हाला गप्प करून त्यांनी त्याची ती वाट बंद केली.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन तुमच्यापुढे ठेवलं गेलंच असणार, म्हणून त्याला बगल देत नाही. पौल तिथे खरोखर म्हणतो की भाऊ भावाविरुद्ध न्यायालयात जातो ही तुमची हार आहे, त्यापेक्षा अन्याय का सहन करत नाही? हे वचन जड आहे आणि ते तसंच राहू द्यावं. पण त्याच्या आधी पौल विचारतो, तुमच्यात निवाडा करील असा एकही शहाणा माणूस नाही काय? आणि लगेच पुढे म्हणतो, तुम्हीच अन्याय करता, नाडता, आणि तेही आपल्या भावांना. म्हणजे पहिला ठपका निवाडा न करणाऱ्या मंडळीवर आहे, शेवटचा नाडणाऱ्यावर. मधलं एक वाक्य कापून फक्त नाडल्या गेलेल्या बहिणीला वाचून दाखवणं हे शास्त्राशी प्रामाणिक नाही. आणि याच पौलाने फिलिप्पै इथे बेकायदा फटके बसल्यावर अधिकाऱ्यांना स्वतः येऊन बाहेर काढायला लावलं, पुढे कैसराकडे दादही मागितली. न्यायासाठी दार ठोठावणं हे अविश्वासाचं लक्षण असतं तर प्रभूने चिकाटीच्या प्रार्थनेचं उदाहरण म्हणून न्यायाधीशाच्या पाठी लागलेली विधवा निवडली नसती.

मुलीने जमीन मागावी का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो तुमच्या पत्रात दबून बसलाय. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेसमोर उभ्या राहिल्या आणि बापाचं वतन मागितलं. मोशेने ते परमेश्वरापुढे नेलं. परमेश्वर म्हणाला, या मुलींचं म्हणणं रास्त आहे. आपल्या इथला कायदाही तेच म्हणतो: ख्रिस्ती माणूस मृत्युपत्राविना गेला तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो आणि मुलगा-मुलगी यांचा वाटा सारखा. तुम्ही भावाच्या ताटातलं काढत नाही आहात.

मग दया कुठे? दया आहे, आणि ती तुमच्याकडून देव मागणार आहे, मीखाच्या सहाव्या अध्यायात नीतीने वागण्याच्या लगेच नंतर आवडीने दया करणं आलंय. पण दयेचा उगम वधस्तंभ आहे, आणि वधस्तंभावर देणं नाकारलं गेलं नाही. कलस्सैकरांच्या पत्रात पौल म्हणतो, आपल्याविरुद्ध असलेला ऋणलेख देवाने खोडला आणि वधस्तंभाला खिळला. मूळ शब्दाचा अर्थ हाताने लिहून दिलेला कर्जाचा कागद. कागद होता, रक्कम होती, आणि ती कोणीतरी भरली. ज्याने भरली त्या येशूने सांगितलं होतं की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. ताई, या "होऊन"पाशी थांबा. भावाने देणं मान्य केल्यावर, तुमचं नाव लागल्यावर, तुम्ही होऊन एखादा एकर त्याच्या मुलीच्या नावे केलात, किंवा इतक्या वर्षांच्या पिकाचं उत्पन्न मागितलं नाहीत, तर ती दया. मी ती ऐकून देवाची स्तुती करीन. त्याच्या औषधपाण्याकडे बघून मागची रक्कम हप्त्याने घेतलीत तर तीही दया. पण अंगठा फसवून घेतलेला कागद आणि मंडळीने दडपून काढून घेतलेला दावा, यात तुम्ही काही दिलेलं नसतं. तुमच्याकडून दोनदा घेतलेलं असतं.

कामाचं थोडं सांगतो. नुसता दावा काढून घेऊ नका. न्यायालयाची परवानगी न घेता काढला तर त्याच कारणासाठी पुन्हा लावता येत नाही. वकिलांना तडजोडीबद्दल विचारा. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. पौलाला हवा होता तसा शहाण्या माणसाचा निवाडा आणि सरकारी कागदाचा पक्केपणा, दोन्ही त्यात येतात. आधी मंडळीबाहेरची तीन माणसं बसवू. दोन शेजारच्या मंडळ्यांतली, आणि त्यात एक बाई असलीच पाहिजे, यावर मी अडून राहीन. भावाला त्यांच्यापुढे तीन गोष्टी स्पष्ट बोलाव्या लागतील: कोणता कागद केला, कशासाठी म्हणून सांगितला, आणि किती जमीन कुणाची. रडला तरी चालेल, पण आकडा सांगून.

प्रभुभोजनाचं राहिलं. रविवारी जा. जाण्याआधी शनिवारी रात्री त्या "बरं झालं"बद्दल प्रभूशी बोला, भावाच्या आजारासाठी नाव घेऊन प्रार्थना करा, पहिल्यांदा शब्द निघणार नाहीत तरी करा. मग मेजापुढे जा. कोणी हात अडवला तर वाद घालू नका, जागेवर बसा, आणि त्या संध्याकाळी मला फोन करा. पुढच्या रविवारी मी गाडीने येतो आणि तुमच्या शेजारी बसतो.